रानपिंगळ्याच्या मुलखात

(पक्षी पाहायला अनोळखी प्रदेशात जायचे असेल, तर आधी पुष्कळ तयारी करावी लागते. समुद्रकाठी राहणारी एक मुलगी सातपुड्यातील धडगावला जाते. तिची तयारी, तिची चूक आणि त्या चुकीतून ती काय शिकली, हे या पाठात तिनेच सांगितले आहे.)

आमचे गाव रायगड जिल्ह्यात, समुद्रकाठी आहे. घराच्या मागच्या दारात उभे राहिले की खाडी दिसते. ओहोटी लागली की चिखलात तुतारी पक्षी धावू लागतात. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे येतात. कधी कधी समुद्रगरुड डोक्यावरून जातो. हे सगळे पक्षी मी लहानपणापासून पाहत आले. त्यामुळे मला वाटायचे, की आपल्याला पक्ष्यांची चांगली माहिती आहे.

माझे मामूजान धडगावला नोकरी करतात. धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य गाव. चहूकडे सातपुड्याचे डोंगर आणि उत्तरेला नर्मदा नदी. मी नववीत गेले तेव्हा मामूजानना पत्र लिहिले, "दिवाळीच्या सुट्टीत मी अब्बांबरोबर तुमच्याकडे येणार आहे. मला रानपिंगळा पाहायचा आहे. तो जगात फक्त भारतातच सापडतो, असे आमच्या सरांनी सांगितले. तुम्ही मला तो दाखवाल ना?"

मामूजान फोनवर उत्तर देऊ शकले असते. पण महत्त्वाची गोष्ट कागदावर लिहावी, असे त्यांचे मत आहे. आठ दिवसांनी त्यांचे पत्र आले.

"प्रिय भाचीस,

अनेक दुआ.

तुझे पत्र मिळाले. तू येणार हे वाचून मुमानीला आणि मला फार आनंद झाला. पण बेटी, रानपिंगळा हा काही माझ्या अंगणातला कोंबडा नव्हे. बोलावले की आला, असे होत नाही. तो दिसेल किंवा दिसणारही नाही. आपल्या हाती आहे ती फक्त तयारी. म्हणून चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट, वेळ. तू नोव्हेंबरात येते आहेस, ते चांगले आहे. पावसाळ्यात इकडचे जंगल दाट असते आणि पानाआडचा पक्षी दिसत नाही. पावसाळा संपल्यावर सागाची पाने हळूहळू गळू लागतात. मग उघड्या फांदीवर बसलेला पक्षी लांबूनही ओळखता येतो. मात्र पहाटे इथे कडाक्याची थंडी पडते. तुमच्याकडे नोव्हेंबरात पंखा लागतो, म्हणून स्वेटर घरी ठेवून येऊ नकोस.

दुसरी गोष्ट, सामान. दुर्बीण, छोटी वही, पेन्सिल, टोपी, पाण्याची बाटली आणि मजबूत बूट. कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे आण. लाल-पिवळे कपडे पक्ष्यांना लांबूनच दिसतात. दुर्बीण नवी घेण्याची गरज नाही. कोणाची तरी मागून घे. पण ती इथे येऊन पहिल्यांदा डोळ्याला लावू नकोस. तुमच्या खाडीवरच्या कुरवांवर रोज सराव कर. उडता पक्षी दुर्बिणीत पकडता येऊ लागला, म्हणजे तू तयार झालीस असे समज.

तिसरी गोष्ट, अभ्यास. ज्या पक्ष्याला शोधायचे, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा पक्षी कोणता, हे आधी शिकून घे. रानपिंगळ्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे साधा पिंगळा. तो तुमच्या गावातही आहे. दोघांतील फरक वहीत लिहून आण.

चौथी गोष्ट, माणसे. जंगलात आपण पाहुणे असतो. वनखात्याची परवानगी मी काढून ठेवतो. वाट दाखवायला इथलेच कोणीतरी सोबत घेऊ. पुस्तकात नसलेल्या कितीतरी गोष्टी इथल्या लोकांना माहीत असतात.

अब्बा आणि अम्मींना सलाम.

तुझा मामू"

मी तयारीला लागले. शाळेच्या प्रयोगशाळेतील दुर्बीण सरांनी मला पंधरा दिवसांसाठी दिली. पहिल्या दिवशी दुर्बिणीतून मला आकाशाशिवाय काहीच दिसले नाही. कुरव कुठे आणि दुर्बीण कुठे! सरांनी युक्ती सांगितली, "आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याकडे पाहा. नजर हलवू नकोस. मग दुर्बीण डोळ्यांसमोर आण." चार दिवसांत मला ते जमू लागले.

सरांनी मला डॉ. सालिम अली यांच्याविषयीही सांगितले. सालिम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी त्यांना मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी'त पाठवले. तेथे मिलार्ड साहेबांनी त्यांना पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. तेथून त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. पुढे ते काही महिने आमच्याच जिल्ह्यातील किहीम गावी राहिले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. रोज एकाच जागी बसायचे, पाहायचे आणि जे दिसेल तेच लिहायचे, अशी त्यांची पद्धत होती.

"जे दिसेल तेच," सर पुन्हा म्हणाले. तेव्हा मला त्या शब्दांचे महत्त्व कळले नाही.

मी वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'पिंगळा' आणि दुसऱ्यावर 'रानपिंगळा'. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ साधे, तपकिरी असते. रानपिंगळा थोडा मोठा, सुमारे २३ सेंटिमीटर लांब असतो. त्याची चोच आणि पाय दणकट असतात. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे असतात. पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र असतो. पिंगळा बहुधा संध्याकाळी बाहेर पडतो. रानपिंगळा मात्र दिवसाढवळ्या शिकार करतो. पाली, सरडे, उंदीर आणि किडे हे त्याचे खाणे.

सुट्टी लागली. अब्बा आणि मी मुंबईला आलो. तेथून रेल्वेने सुरत, आणि सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने नंदुरबारला उतरलो. पुढे एसटी. प्रकाशा येथे आम्ही तापी नदी ओलांडली. शहाद्यापर्यंत सपाट रस्ता आणि दोन्ही बाजूंना शेते होती. मग घाट सुरू झाला. एसटी वळणे घेत वर चढू लागली. तारेवर एक निळा पक्षी दिसला. तो नीलपंख होता. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर लांब शेपटीचा टकाचोर उडत गेला. मी एकही कुरव किंवा तुतारी पाहिली नाही. ओळखीचे म्हणावे असे फक्त कावळे होते. तेव्हा मला कळले, की मला पक्ष्यांची माहिती नव्हती. मला फक्त माझ्या गावाच्या पक्ष्यांची माहिती होती.

धडगावला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मुमानीने चहा केला. मी दुर्बीण घेऊन अंगणात गेले. समोरच्या चिंचेवर काहीतरी हलले. पाहते तर एक छोटे घुबड माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते.

"रानपिंगळा!" मी ओरडले. पक्षी उडाला. मी धावत घरात आले आणि वहीत पेनने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'पहिल्याच दिवशी रानपिंगळा पाहिला!'

मामूजाननी वही वाचली. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "डोक्यावर ठिपके होते का?"

मी गप्प झाले. ठिपके मी पाहिलेच नव्हते. नाही, खरे सांगायचे तर पाहिले होते. डोके ठिपक्यांनी भरलेले होते. पण मला रानपिंगळा हवा होता, म्हणून माझ्या मनाने ते ठिपके पुसून टाकले होते.

"रोज संध्याकाळी त्या चिंचेवर पिंगळ्याची जोडी येते," मामूजान म्हणाले. "जेवण झाल्यावर तुला एक गोष्ट सांगतो. खरी गोष्ट आहे."

रात्री शेगडीजवळ बसून त्यांनी ती गोष्ट सांगितली.

"रानपिंगळ्याची ओळख जगाला १८७३ साली झाली. ॲलन ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढे होते. पहिला नमुना छत्तीसगडच्या भागातून ब्लेविट नावाच्या माणसाने मिळवला होता. म्हणून पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ब्लेविटचे नाव आले. त्यानंतर काही वर्षांनी जेम्स डेव्हिडसन हा अधिकारी खानदेशात होता. त्याने आपल्या या शहादा-तळोदा भागात रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले. त्या काळी पक्षी मारून, त्यात कापूस भरून ते संग्रहालयात ठेवत. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधत. कोणी मिळवला, कुठे आणि केव्हा, हे त्या चिठ्ठीवर लिहीत. पण १८८४ नंतर रानपिंगळा खात्रीने कोणाला दिसलाच नाही. जगातील सगळ्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने उरले."

"मग तो संपला असे लोकांना वाटले?" मी विचारले.

"पुष्कळांना तसे वाटले. पण सातांपैकी एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल होते. ठिकाण होते गुजरातमधील, तापीकाठचे मांडवी. तो नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा होता. मोठा नावाजलेला माणूस. त्याच्या शब्दावर कोण संशय घेणार? रानपिंगळ्याचा सगळ्यांत अलीकडचा पत्ता म्हणून लोक त्या चिठ्ठीकडे पाहू लागले. डॉ. सालिम अली आणि अमेरिकेचे डॉ. डिलन रिपले यांच्यासारख्या थोर पक्षितज्ज्ञांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. पण तो कोणालाही सापडला नाही."

"का?"

"कारण चिठ्ठी खोटी होती!" मामूजान म्हणाले. "अमेरिकेच्या डॉ. पामेला रासमुसेन यांनी ते शोधून काढले. त्यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो एकदा उसवून पुन्हा भरलेला होता. डेव्हिडसनची पक्षी भरण्याची एक खास पद्धत होती. तिच्या खुणा या नमुन्यात सापडल्या. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला पक्षी माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातून चोरला होता. त्यावर आपल्या नावाची, खोट्या गावाची आणि खोट्या सालाची चिठ्ठी बांधली होती. त्याचे असे इतरही अनेक नमुने खोटे निघाले."

मी थक्क झाले. एका छोट्या चिठ्ठीवरचे खोटे इतकी वर्षे शास्त्रज्ञांना फसवत राहिले होते.

"आता ऐक," मामूजान पुढे म्हणाले. "रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. त्यांनी खोटा पत्ता बाजूला ठेवला आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे शोधली. आधी ते पूर्वेकडील जुन्या ठिकाणी हिंडले. तेथे रानपिंगळा मिळाला नाही. मग ते शहाद्याजवळ आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर त्यांना एक छोटे घुबड दिसले. डोक्यावर ठिपके नव्हते. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला! तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी वेगळा नंदुरबार जिल्हा झाला. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे डॉ. फराह इश्तियाक आणि डॉ. असद रहमानी यांनी सातपुड्यात त्याचा शोध घेतला आणि अभ्यास केला. आपल्या तोरणमाळच्या जंगलातही तो आढळला. मेळघाटात आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईपासून जवळच, ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली."

मामूजान थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "बेटी, एक चिठ्ठी खोटी होती म्हणून तो इतकी वर्षे हरवला. बाकीच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या म्हणून तो सापडला. तुझी वही हीसुद्धा एक चिठ्ठीच आहे."

मी काही बोलले नाही. वही उघडली. ते पान फाडून टाकावे असे मला वाटले. पण मामूजान म्हणाले, "फाडू नकोस. एक रेघ मार आणि खाली बरोबर काय ते लिही. चूकही दिसू दे आणि दुरुस्तीही." मी रेघ मारली आणि लिहिले, 'पिंगळा. डोक्यावर ठिपके. चिंचेचे झाड. संध्याकाळ.'

दुसऱ्या दिवशी आम्ही तोरणमाळच्या बाजूच्या जंगलात गेलो. आमच्यासोबत पावरा समाजाचे एक आजोबा आणि त्यांचा नातू होता. नातू माझ्याच वयाचा होता. आजोबांना मराठी थोडेच येत होते. ते पावरी भाषेत बोलत. नातू ते मराठीत सांगे आणि मी ते उर्दूत वहीत उतरवून घेई. त्याच्या घरची भाषा मराठी नव्हती आणि माझ्याही घरची नव्हती. दोघेही मराठी शाळेत शिकलो होतो. तिच्यामुळेच सातपुड्याच्या आजोबांचे बोलणे समुद्रकाठच्या मुलीच्या वहीत उतरत होते.

आजोबांनी आम्हाला काही नियम सांगितले. मोठ्याने बोलायचे नाही. वाळलेल्या पानांवर पाय आपटायचा नाही. ढोली दिसली तर तिच्यात काठी घालायची नाही आणि झाडावर चढायचे नाही. रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. जुनी झाडे तोडली की त्याचे घरच जाते. "काही लोक घुबडाला अशुभ मानतात," नातू म्हणाला. "पण आजोबा म्हणतात, जो उंदीर खातो तो शेतकऱ्याचा मित्र."

दोन तास आम्ही हळूहळू चाललो. हळद्या दिसला, लाल निखार दिसले, कोतवाल दिसला. मी प्रत्येकाची वेळ, जागा आणि तो काय करत होता, हे लिहीत गेले. नऊ वाजले असतील. आजोबा एकदम थांबले आणि त्यांनी हात वर केला.

समोर एक साग होता. पाने गळलेल्या शेंड्यावर एक गोल, ठेंगणा पक्षी बसला होता. माझे काळीज धडधडू लागले. मी नजर हलवली नाही आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आणली. पण सूर्य नेमका त्याच्या मागे होता. पक्षी नुसता काळा दिसत होता. त्याने शेपटी डावीकडे-उजवीकडे हलवली. मी एक पाऊल बाजूला सरकले. आता उजेड बरोबर येईल, डोके दिसेल, असे वाटले. तेवढ्यात पक्षी उडाला आणि दरीत उतरला.

"रानपिंगळाच होता तो!" नातू हळूच म्हणाला. "दिवसा बाहेर आला, शेंड्यावर बसला, शेपटी हलवली. लिही ना!"

मी पेन्सिल हातात घेतली. मी समुद्रकाठाहून इतक्या लांब आले होते. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मैत्रिणी वाट पाहत होत्या. एक शब्द लिहिला की झाले. कोण तपासायला येणार होते? मग मला ती चिठ्ठी आठवली. तिलाही कोणी तपासायला येणार नाही, असेच लिहिणाऱ्याला वाटले असेल.

मी लिहिले, 'सकाळी ९. सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर छोटे घुबड. शेपटी बाजूंना हलवली. उजेड मागून होता. डोक्यावरचे ठिपके दिसले नाहीत. रानपिंगळा असावा. खात्री नाही.'

अब्बांनी ते वाचले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही आणखी दोन दिवस त्याच वाटेने गेलो. तो पक्षी पुन्हा दिसला नाही.

सुट्टी संपली आणि मी परत आले. भित्तिपत्रकाचे काम सुरू होते. माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, 'खात्री नाही' कशाला? ते काढून टाक. आपल्या शाळेचे नाव वर्तमानपत्रात येईल!" मी मान हलवली. सरांनी माझी वही मागितली. रेघ मारलेले पान त्यांनी पाहिले. मग शेवटची नोंद वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. वर्गात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण सर म्हणाले, "उद्या कोणी पक्षितज्ज्ञ धडगावला निघाला, तर ही नोंद त्याच्या उपयोगी पडेल. कोणत्या झाडावर आणि किती वाजता पाहायचे, हे त्याला कळेल. आणि काय पाहायचे राहिले, हेही कळेल."

सरांनी ती नोंद भित्तिपत्रकावर जशीच्या तशी लावली. 'खात्री नाही' हे शब्दही त्यात होते.

त्या रात्री मी मामूजानना पत्र लिहिले, "पुढच्या नोव्हेंबरात मी पुन्हा येणार आहे. या वेळी सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने त्या सागाकडे जायचे. आजोबांना आणि त्यांच्या नातवाला माझा सलाम सांगा."

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे
सराव – पुन्हा पुन्हा करून सवय करणे
रकाना – उभ्या रेघांनी आखलेला भाग
दणकट – मजबूत
नमुना – अभ्यासासाठी ठेवलेली वस्तू किंवा पक्षी
निष्पर्ण – पाने नसलेले
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी
शेंडा – झाडाचे वरचे टोक
भित्तिपत्रक – भिंतीवर लावलेले हस्तलिखित पत्रक
नोंद – लिहून ठेवलेली माहिती

वाक्प्रचार

तयारीला लागणे – तयारी सुरू करणे
डोळे वटारणे – डोळे मोठे करून पाहणे
थक्क होणे – खूप आश्चर्य वाटणे
काळीज धडधडणे – भीतीने किंवा आनंदाने छाती धडधडणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) धडगाव कोणत्या तालुक्याचे मुख्य गाव आहे?
(आ) रानपिंगळ्याचे वर्णन प्रथम कोणत्या साली प्रसिद्ध झाले?
(इ) सालिम अलींनी किहीम येथे कोणत्या पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला?
(ई) रानपिंगळा पुन्हा कोणत्या दिवशी सापडला?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामूजाननी पत्रात कोणत्या चार गोष्टी सांगितल्या?
(आ) पिंगळा आणि रानपिंगळा यांत कोणते फरक आहेत?
(इ) खोट्या चिठ्ठीमुळे काय झाले?
(ई) मुलीने चुकीचे पान का फाडले नाही?

प्र. ३. कोण, कोणाला म्हणाले?
(अ) "डोक्यावर ठिपके होते का?"
(आ) "रानपिंगळाच होता तो!"
(इ) "ते काढून टाक."

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ साधे, ............ असते.
(आ) प्रकाशा येथे आम्ही ............ नदी ओलांडली.
(इ) जो उंदीर खातो तो ............ मित्र.

प्र. ५. दिलेल्या वाक्प्रचारांचा उपयोग करून प्रत्येकी एक वाक्य लिहा.

प्र. ६. तुम्ही त्या मुलीच्या जागी असता, तर वहीत काय लिहिले असते? पाच-सहा वाक्यांत लिहा.

उपक्रम : शाळेजवळील एका झाडावर येणारे पक्षी सात दिवस पाहा. वेळ, पक्ष्याचे वर्णन आणि तो काय करत होता, हे वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर 'खात्री नाही' असे लिहा.